बंदोबस्ताचा पैसा आणि सभागृहाचे मत

राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढायला मंत्र्याची सही पुरत नाही, कायदा लागतो. संविधानाच्या अनुच्छेद २६६ ने हे बंधन केंद्रावर आणि राज्यांवर सारखेच घातले आहे. गुप्तवार्ता विभाग, निमलष्करी दले, पोलीस किंवा सैन्य यांच्यासाठी त्यात अपवाद नाही. आधी वार्षिक वित्तीय विवरणपत्र, मग खातेवार मागण्या, त्यांवर मतदान, मग विनियोजन विधेयक, आणि राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची संमती मिळाली की त्या वर्षापुरता कायदा, असा हा क्रम आहे. केंद्रासाठी तो अनुच्छेद ११२ पासून पुढे सांगितला आहे, राज्यांसाठी २०२ पासून पुढे. विधानसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते, कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. विधान परिषदेला मागण्यांवर मत नाही. विनियोजन विधेयक तिच्याकडे जाते ते धन विधेयक म्हणून, आणि चौदा दिवसांत परत येते.

महाराष्ट्राच्या विधानमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, त्यामागे २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार आहे. वार्षिक अर्थसंकल्प मार्चमध्ये मुंबईत मांडला जातो. नागपूरच्या वाट्याला डिसेंबरातल्या पुरवणी मागण्या येतात. २०२३ मध्ये त्या सुमारे ५५,५०० कोटी रुपयांच्या होत्या, २०२४ मध्ये ३३,७८८ कोटींच्या, २०२५ मध्ये ७५,२८६ कोटींच्या. शहराला अधिवेशन आठवते ते मोर्च्यांमुळे, अडवलेल्या रस्त्यांमुळे आणि बाहेरून आलेल्या पोलिसांच्या बंदोबस्तामुळे. त्या बंदोबस्ताचा खर्चही कुठल्या तरी मागणीतूनच निघतो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

सुरक्षेचा पैसा सभागृहाने किती बारकाईने तपासावा, यावर दोन टोकाची मते आहेत, आणि दोन्ही मते बाळगणारी माणसे नागपुरात भेटतात. एकीकडे सिव्हिल लाइन्समधल्या महालेखापाल कार्यालयात हिशेब तपासत नोकरी काढलेले लेखापरीक्षक. विदर्भ आणि मराठवाड्याचे लेखे तिथे जातात. दुसरीकडे नक्षलविरोधी अभियानात वर्षे घालवलेले पोलीस अधिकारी. त्या अभियानाचे मुख्यालय नागपुरातच आहे आणि अपारंपरिक लढाईचे प्रशिक्षण शहराबाहेर सुराबर्डीला दिले जाते. पुढचा संवाद अशा दोन निवृत्तांचा आहे. त्यांना नावे दिलेली नाहीत, कारण मते त्यांच्या नोकरीने घडवलेली आहेत.

लेखापरीक्षक : साहेब, तुमच्या खात्याची मागणी म्हणजे बी-१, पोलीस प्रशासन. सभागृहात ती पुकारतात, होकाराचे बहुमत होते आणि पुढची मागणी येते. मतदानानंतर काय खर्च झाला ते आम्ही तपासले. पण मत देणाऱ्याने काय पाहून मत दिले, हे आमच्या कुठल्याच फायलीत नसे.

पोलीस अधिकारी : त्यांनी पाहायचे काय? त्या मागणीतला सर्वांत मोठा आकडा पगाराचा. शिपायाचा पगार नाकारायची कोणत्या आमदाराची छाती आहे?

लेखापरीक्षक : नाकारा कोण म्हणतो? शंभर रुपयांची कपात सूचना द्या आणि त्या निमित्ताने मंत्र्याला उभे करा. अमुक ठाण्याला गाडी का नाही, दारूगोळा कधी आला, भरती का अडली. कपात सूचना असते ती त्यासाठीच.

पोलीस अधिकारी : आणि तुमच्या त्या प्रश्नाचे उत्तर सभागृहात छापून येते, ते जंगलातही वाचले जाते.

हा वाद नवा नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ मध्ये कलकत्त्याला केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावरचे पहिले भाषण केले, तेव्हा वाढत्या लष्करी खर्चावर बोट ठेवले होते. पण १८९२ च्या कायद्याने सभासदांना बोलता येत होते, मत देता येत नव्हते. मत मिळाल्यावर काय होऊ शकते, हे नागपूरने १९२४ मध्ये पाहिले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कौन्सिलात स्वराज्य पक्षाचे बहुमत होते आणि डॉ. बा. शि. मुंजे त्या पक्षाचे तिथले एक प्रमुख नेते होते. कौन्सिलाने मंत्र्यांवर अविश्वास दाखवला, मंत्र्यांचे वेतन वर्षाला दोन रुपयांवर आणले आणि अंदाजपत्रकातल्या मागण्या फेटाळल्या. पोलीस खाते मात्र द्विदल पद्धतीत ‘राखीव’, म्हणजे गव्हर्नराच्या हातात, होते. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी आपल्या खास अधिकारात राखीव खात्यांचा पैसा परत घालून घेतला. शिक्षण, आरोग्य यांसारख्या मंत्र्यांकडे सोपवलेल्या खात्यांची अडवणूक झाली, पोलिसांची झाली नाही. लोकप्रतिनिधींना तिजोरीची किल्ली द्यायची, पण बंदोबस्ताचा कप्पा वेगळ्या कुलपात ठेवायचा, अशी ती रचना होती. १९५० च्या संविधानाने ते वेगळे कुलूप काढून टाकले. न्यायाधीशांचे वेतन, कर्जावरचे व्याज असे काही खर्च ‘भारित’ आहेत, म्हणजे त्यांवर मत होत नाही. सुरक्षेचा खर्च ‘दत्तमत’ आहे, म्हणजे तो मताने मंजूर करावा लागतो. गव्हर्नराकडे तेव्हा होता तसा अधिकार आज कोणाकडेही नाही.

पोलीस अधिकारी : नाही कसा? लोकसभेत शेवटच्या दिवशी गिलोटिन लावले की सगळ्या मागण्या एका दमात मंजूर. २०२३ च्या मार्चमध्ये ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प चर्चेशिवाय निघाला. २०१८ मध्येही असेच झाले होते. तुमचे दत्तमत ते हेच का?

लेखापरीक्षक : तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय, साहेब.

पोलीस अधिकारी : मी एवढेच म्हणतो, की सभागृहाला स्वतःला नको असेल तर आमच्या गुप्ततेला दोष देऊ नका.

अधिकाऱ्यांच्या या वाक्यात तथ्य आहे. केंद्रीय अर्थसंकल्पात जे छापलेले आहे तेही फारसे वाचले जात नाही. २०२५-२६ च्या अंदाजात गृह मंत्रालयाची एकूण तरतूद सुमारे २,३३,२११ कोटी रुपयांची होती. त्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाला सुमारे ३५,१४७ कोटी, सीमा सुरक्षा दलाला सुमारे २८,२३१ कोटी, आणि गुप्तवार्ता विभाग, म्हणजे आयबी, याला सुमारे ३,८९३ कोटी. आयबीचा आकडा असा नावानिशी छापला जातो. परदेशात हेरगिरी करणाऱ्या रॉचा आकडा मात्र त्या नावाने कुठेच सापडत नाही, कारण ती संस्था मंत्रिमंडळ सचिवालयाच्या छत्राखाली आहे. या दोन संस्थांची गोष्ट आणखी एका अर्थाने वेगळी आहे. आयबी आपला जन्म १८८७ चा सांगते. रॉ सप्टेंबर १९६८ मध्ये रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. दोन्ही संस्था संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर राष्ट्रीय तपास यंत्रणा मात्र स्वतंत्र कायदा करून स्थापली गेली. म्हणजे ज्या संस्थेचा अधिकार, रचना आणि जबाबदारी कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही, तिच्याशी संसदेचा कायदेशीर संबंध वर्षातून एकदा येतो, आणि तो पैशाच्या मागणीतून. विनियोजन कायद्याला एरवी कोणी विचारत नाही. या संस्थांच्या बाबतीत तोच काय तो धागा आहे.

तो धागा जाड करण्याचे प्रयत्न झाले. खासदार मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये गुप्तचर संस्थांचे अधिकार आणि नियमन ठरवणारे खासगी विधेयक मांडले. ते पुढे गेले नाही. आयबी, रॉ आणि तांत्रिक गुप्तवार्तेचे काम करणारी एनटीआरओ यांचे हिशेब महालेखापरीक्षकांनी तपासावेत आणि त्यांच्यावर संसदेची देखरेख असावी, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २०१६ मध्ये ती फेटाळली गेली. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने आणि दुसऱ्या अनुसूचीने या संस्थांना, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरते सोडून, कायद्याच्या बाहेरच ठेवले आहे.

लेखापरीक्षक : आता खऱ्या गाठीकडे येऊ. ‘गुप्त सेवा खर्च’ या शीर्षाखालचा पैसा. इतर प्रत्येक रुपयाला प्रमाणक लागते. पावती नाही तर आक्षेपाचा पॅरा निघतो. या शीर्षाला मात्र नेमून दिलेला अधिकारी वर्षातून एकदा दाखला देतो, की रक्कम ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी खर्च झाली. आम्ही तो दाखला फायलीला लावायचा आणि पान उलटायचे.

पोलीस अधिकारी : मग प्रमाणकावर काय लिहायचे? खबऱ्याचे नाव, गाव आणि अंगठा? गडचिरोलीत नुसत्या संशयावरून माणसे मारली गेली आहेत. पोलिसांना माहिती दिली म्हणून रात्री घरातून ओढून नेले आणि सकाळी रस्त्यावर प्रेत, शेजारी पत्रक. त्यातल्या कितीतरी जणांनी आम्हाला कधी काही सांगितलेलेही नव्हते. अशा ठिकाणी दोनशे रुपयांची पावती चार टेबलांवरून फिरवायची?

लेखापरीक्षक : नाव नको, साहेब. नाव कोणीच मागत नाही. पण एकूण किती दिले, किती अधिकाऱ्यांच्या हातून गेले, मार्चअखेर किती उरले आणि उरलेले परत भरले का, एवढे विचारता येते. मंजूर रक्कम शेवटच्या रुपयापर्यंत खर्च झाल्याचा दाखला दरवर्षी येत असेल, तर मला तरी शंका येईल.

पोलीस अधिकारी : शंका घ्या. पण शंका घेणारा कोण, ते ठरवा. तुमच्या कार्यालयातला नवा सहायक की निवडलेला एकच ज्येष्ठ माणूस? आमच्यातही आतली तपासणी होते. दाखला देणारा अधिकारी आपल्या सहीला जबाबदार असतो.

लेखापरीक्षक : स्वतःच खर्च, स्वतःच तपास, स्वतःच दाखला.

पोलीस अधिकारी : खर्च करणारा मी, दाखला देणारा माझ्या वरचा. एवढा तरी फरक धरा.

दाखल्यावर भागवण्याची ही पद्धत एकट्या भारताची नाही. अमेरिकेत १९४९ च्या सीआयए कायद्याने संचालकाच्या दाखल्यालाच गोपनीय खर्चाचे पुरेसे प्रमाणक ठरवले. पण त्या देशात दाखल्याच्या वर दोन थर चढले. सभागृहांच्या गुप्तचर समित्या बंद दाराआड आकडे पाहतात आणि गुप्तचर संस्थांसाठी स्वतंत्र प्राधिकृत करणारा कायदा जवळजवळ दरवर्षी येतो. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांवरील आयोगाच्या शिफारशींनंतर २००७ मध्ये एकूण रक्कम जाहीर करणे बंधनकारक झाले. त्या वर्षीची ४३.५ अब्ज डॉलरची रक्कम लोकांसमोर आली आणि त्या एका आकड्यामुळे काही बिघडले असे दिसले नाही. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने संसदसदस्यांची गुप्तचर व सुरक्षा समिती स्थापन झाली आणि सर्व संस्थांचा खर्च एका खात्यात आणला गेला. तिथला महालेखापरीक्षक तो तपासतो. तपशील झाकायचा आणि एकूण रक्कम उघड करायची, ही तडजोड दोन्ही देशांनी केली. भारतात आयबीपुरती ती अर्थसंकल्पाच्या छपाईतच झालेली आहे. रॉच्या बाबतीत नाही, आणि त्याचे कारण सांगणाऱ्यांची उत्तरे सवयीपलीकडे फारशी जात नाहीत.

गुप्ततेवरचा हा वाद कितीही रंगला, तरी पैशाच्या हिशेबात तो काठावरचा आहे. पोलीस आणि निमलष्करी दलांचा बहुतेक खर्च वेतन, भत्ते, वाहने, इमारती आणि साहित्यावर होतो. तो सगळा उघड आहे, मुख्य लेखाशीर्ष २०५५ आणि भांडवली ४०५५ खाली छापलेला आहे. गुप्त निधीत गैरव्यवहार झाला तर तो लाखांत किंवा कोटींत मोजावा लागेल. वेळेवर न झालेल्या उघड खरेदीची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागली आहे. मुंबई हल्ल्याच्या वेळच्या पोलिसांच्या प्रतिसादाची चौकशी राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने केली. शीघ्र प्रतिसाद पथकांचा गोळीबाराचा सराव दारूगोळ्याअभावी बंद पडला होता, हे त्या अहवालातून पुढे आले. तो अहवाल डिसेंबर २००९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सभागृहापुढे आला. दारूगोळ्याच्या मागणीत गुप्त असे काय होते? तरीही हल्ला होईपर्यंत ती तूट सभागृहाच्या चर्चेचा विषय झालेली नव्हती.

पोलीस अधिकारी : इथे मी तुमच्याशी भांडणार नाही. पण खरेदी का रखडते ते सांगा. तरतूद एप्रिलमध्ये मंजूर, बीम्स या निधीवाटपाच्या प्रणालीवर निधी दिसतो सप्टेंबरात, तोही टक्केवारीने. निविदा, दरकरार, तपासणी. फेब्रुवारीत पुरवठादार म्हणतो मालाला वेळ लागेल. ३१ मार्चला पैसा व्यपगत. पुढल्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

लेखापरीक्षक : आणि म्हणून डिसेंबरात पुरवणी मागणी.

पोलीस अधिकारी : होय. न मागितली तर काम थांबते.

लेखापरीक्षक : मागितली आणि मार्चला मूळ तरतूदही उरली, तर आम्ही लिहितो, पुरवणी मागणी अनावश्यक होती. विनियोजन लेख्यांत अशी वाक्ये दरवर्षी छापतात, सगळ्याच खात्यांबद्दल. नागपुरात मंजूर केलेला पैसा मुंबईत मार्चअखेर परत केलेला असतो.

पुरवणी मागण्यांचा आधार अनुच्छेद २०५ आहे. मंजूर रक्कम अपुरी पडली किंवा अर्थसंकल्पात नसलेली नवी बाब निघाली, तर त्या वर्षातच पुन्हा सभागृहाकडे जावे लागते. खात्यात बचत असेल आणि फक्त नव्या बाबीला मान्यता हवी असेल, तर हजारभर रुपयांची लाक्षणिक मागणी येते आणि बाकीची रक्कम पुनर्विनियोजनाने उभी केली जाते. सुरक्षेच्या दृष्टीने या लाक्षणिक मागण्या सर्वांत वाचनीय असतात. आकडा क्षुल्लक असतो, पण त्यामागे नवे पथक, नवे पद किंवा नवी यंत्रणा उभी असू शकते. सहा-सात दिवसांच्या अधिवेशनात, २०२४ मध्ये १६ ते २१ डिसेंबर एवढेच ते चालले, पुरवणी मागण्यांचे जाडजूड पुस्तक कोण वाचणार?

२०२४ च्या याच अधिवेशनात मांडलेले एक विधेयक मात्र बारकाईने वाचले गेले. विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मुंबईत मांडले गेले होते, पण मंजूर झाले नव्हते. डिसेंबरात ते नागपुरात पुन्हा मांडून दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे दिले गेले. कामठीचे चंद्रशेखर बावनकुळे समितीचे प्रमुख होते. बारा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झाले. त्याच्या बाजूचे आणि विरोधातले लोक एका गोष्टीवर सहमत होतील, की त्याची छाननी झाली. ते समितीकडे गेले त्याच डिसेंबरच्या आठवड्यात मंजूर झालेल्या ३३,७८८ कोटींना ना समिती मिळाली ना सूचना. कायद्याची कलमे माणसाला अटक करतात, म्हणून ती वाचली जातात. अटक करणाऱ्या यंत्रणेचे आकारमान मागणीत ठरते. संसदेत १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या मागण्या तपासून अहवाल देतात. गिलोटिनने चर्चा कापली तरी गृह खात्यावरच्या समितीचा अहवाल शिल्लक राहतो, आणि रिक्त पदांपासून निवासस्थानांपर्यंत त्यात बरेच काही सापडते. महाराष्ट्रात भिस्त मुख्यतः अंदाज समिती आणि लोकलेखा समिती यांच्यावर, आणि लोकलेखा समिती खर्च झाल्यानंतर कामाला लागते.

नागपुरातल्या सुरक्षा संस्थांकडे पाहिले तर एकाच शहरातला पैसा किती वेगवेगळ्या मतांनी मंजूर होतो, ते कळते. वायुसेनानगरातील हवाई दलाच्या देखभाल कमांडचा खर्च संरक्षण मंत्रालयाच्या मागण्यांतून येतो. १९५७ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय गृह मंत्रालयाचे होते. हिंगणा रस्त्यावरचे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्र गृह मंत्रालयाच्याच पोलीसविषयक मागणीतले. पोलीस आयुक्तालय राज्याच्या बी-१ मध्ये. अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पर्यंत सरकारी खाते होता आणि त्याचा खर्च थेट संसदेच्या मतावर चाले. त्या दिवसापासून तो यंत्र इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे आणि कंपनीचे मुख्यालयही अंबाझरीलाच आहे. आता संसद त्या कारखान्याच्या वेतनावर मत देत नाही. ती सैन्याच्या खरेदीवर मत देते आणि कंपनीचा ताळेबंद पटलावर पाहते.

गडचिरोलीचा खर्च या सगळ्यांत गुंतागुंतीचा. तिथे एकाच कामासाठी दोन सभागृहांचे मत लागते. १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या सी-६० या नक्षलविरोधी पोलीस पथकाचे वेतन राज्य देते. १९९६ पासूनच्या सुरक्षाविषयक खर्च योजनेखाली प्रशिक्षण, मोहिमांचा खर्च, मृतांच्या वारसांना मदत, शरण आलेल्यांचे पुनर्वसन अशा बाबींवर राज्य आधी खर्च करते आणि केंद्र नंतर प्रतिपूर्ती देते. विधानसभा खर्चाला मंजुरी देते, संसद प्रतिपूर्तीला. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी २६,२७५ कोटींची छत्र योजना केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये मंजूर केली. त्यात डाव्या उग्रवादाविरुद्धच्या कामाला ८,६८९ कोटी ठेवले होते.

पोलीस अधिकारी : पंचवार्षिक योजना म्हणतात, पण पैसा वर्षाच्या मापानेच येतो. पंधराव्या वित्त आयोगाने बरोबर सांगितले होते. संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेसाठी व्यपगत न होणारा निधी, पाच वर्षांत २,३८,३५४ कोटी. मार्चची धास्ती संपली असती. केंद्राने तत्त्वतः मान्य केले आणि पैसा कुठून आणायचा ते पुढे ठरवू म्हटले.

लेखापरीक्षक : त्या निधीला माझा जीव घाबरतो. दरवर्षी सभागृहात यावे लागते, म्हणून तुम्हाला दरवर्षी विचारता येते. एकदा पैसा वेगळ्या निधीत गेला की तो कधी, कशावर खर्च करायचा हे खाते ठरवणार. वर्षाची अट त्रासदायक आहे, मान्य. पण सभागृहाला जो काही अधिकार आहे तो त्या अटीतच आहे.

पोलीस अधिकारी : विमान, रडार, बुलेटप्रूफ वाहन यांची मागणी नोंदवून माल यायला तीन-चार वर्षे लागतात. वर्षाच्या अटीने सभागृहाचा अधिकार राहतो आणि जवान जुन्या गाडीत बसतो.

लेखापरीक्षक : मग अनेक वर्षांची बांधिलकी एकदाच सभागृहापुढे मांडा आणि दरवर्षी तिचा हप्ता मताला टाका. निधी वेगळा करायची गरज नाही. खात्याला पुढल्या वर्षाची खात्री हवी आहे, सभागृहाला दरवर्षीचा प्रश्न हवा आहे. दोन्ही एका पानावर बसतात.

पोलीस अधिकारी : पानावर बसतात. वित्त विभागात बसतील का, ते सांगा.

गडचिरोलीचे चित्र अलीकडे झपाट्याने बदलले. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. त्याच महिन्यात केंद्राच्या ‘सर्वाधिक प्रभावित’ यादीत छत्तीसगडचे तीनच जिल्हे उरले आणि गडचिरोली त्यातून बाहेर पडली. पाच वर्षांच्या छत्र योजनेची मुदतही २०२५-२६ च्या आर्थिक वर्षाबरोबर संपणारी होती.

लेखापरीक्षक : आता प्रश्न असा, की धोका कमी झाला तर मागणीही कमी होणार का? आमच्या अनुभवात एकदा उघडलेले शीर्ष सहसा बंद होत नाही. त्याचे नाव बदलते.

पोलीस अधिकारी : वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा इथली पोलीस मदत केंद्रे गेल्या काही वर्षांत उघडली. तिथे पूर्वी सरकार म्हणून काहीच पोहोचत नव्हते. मोहिमा थांबल्या म्हणून ती बंद करायची? तिथले लोक आज दाखल्यापासून दवाखान्यापर्यंत सगळ्यासाठी त्या केंद्रात येतात.

लेखापरीक्षक : बंद करू नका. पण मग तो खर्च सुरक्षेचा राहत नाही. महसूल, आरोग्य, आदिवासी विकास यांच्या मागणीत तो दिसला पाहिजे. नाहीतर तहसीलदाराचे काम पोलिसाच्या शीर्षाखाली चालू राहील, आणि आरोग्यावर चर्चा करणाऱ्या आमदाराला ते दिसणारच नाही.

पोलीस अधिकारी : त्या खात्यांची माणसे तिथे राहायला गेली की आमचे शीर्ष आम्ही स्वतः कमी करू.

लेखापरीक्षक : तसे एका ओळीत लिहून द्या, साहेब. किती केंद्रे, कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या खात्याकडे. पुढल्या पुरवणी मागणीच्या टिपणीत ती ओळ आली, तर सभागृहाला विचारायला काहीतरी मिळेल.

अधिकाऱ्यांनी तशी ओळ लिहिण्याला हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती वर्ष घालण्याला. मोहीम कधी संपली हे दिनदर्शिकेवरून ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे. वर्ष नसेल तर ती ओळ कशाला, हे लेखापरीक्षकांचे.